ऱ्हस्व वेलांटीचा प्रवास : र. कृ. जोशी यांचा हात आणि संगणकावरची देवनागरी

छत्रपती संभाजीनगराहून (पूर्वीचे औरंगाबाद) दक्षिणेला पैठणकडे निघाले की साधारण अर्ध्या वाटेवर बिडकीन लागते. अलीकडे हे नाव वर्तमानपत्रांत येते ते दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या निमित्ताने. शेंद्रा आणि बिडकीन मिळून 'ऑरिक' हे औद्योगिक शहर येथे उभे राहत आहे. मराठी लिपीचा आणि मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्यांची नजर मुंबई-पुण्याबाहेर फारशी जात नाही, त्यामुळे त्या इतिहासात बिडकीन सापडणार नाही. तरीही आम्ही सुरुवात येथूनच करतो. औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी संपादित होतात तेव्हा शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू असते एक कागद, आणि त्या कागदावर आपले व आपल्या वाडवडिलांचे नाव नेमके कसे उमटले आहे, हा प्रश्न काही सौंदर्यशास्त्राचा राहत नाही.

या पट्ट्यातल्या कागदाने जितके हात पाहिले तितके महाराष्ट्रात थोड्या ठिकाणच्या कागदाने पाहिले असतील. येथून जवळच पैठणला एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ते काम बोरूचे आणि बाळबोध वळणाचे. व्यवहाराची लिपी मात्र मोडी. कुळकर्ण्यांची दप्तरे मोडीतच लिहिली जात. त्यावर निजामाच्या राजवटीत आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू ही सरकारी भाषा. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि उजवीकडून डावीकडे लिहिला जाणारा कागद डावीकडून उजवीकडे लिहिला जाऊ लागला. त्यानंतर कित्येक वर्षे तलाठ्याच्या अक्षरातला सातबारा. मग संगणकीय उतारा, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा. हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावरून संगणकीय उतारा करताना राहिलेल्या चुका शोधण्यासाठी शासनाला गावोगावी चावडी वाचन करावे लागले, हे वाचकांना आठवत असेल.

तलाठ्याच्या हस्ताक्षरातून छापील उताऱ्याकडे जाणारी ही शेवटची पायरी इतरांहून वेगळी आहे. लिहिणारा हात येथे प्रत्यक्ष दिसत नाही, तरी तो असतोच. पडद्यावर उमटणारे प्रत्येक अक्षर कोणीतरी आधी काढलेले असते आणि कोणते अक्षर कशाला कसे जोडायचे हेही कोणीतरी ठरवून दिलेले असते. मराठीच्या बाबतीत, विशेषतः या शतकाच्या पहिल्या दशकात, तो हात बहुतांशी एकाच माणसाचा होता. विंडोज २००० बरोबर 'मंगल' नावाचा देवनागरी टंक जगभरच्या संगणकांवर गेला. तो रेखणारे होते र. कृ. जोशी. मराठी युनिकोडमध्ये ज्यांनी त्या काळात एखादे पत्र, कविता किंवा तक्रारअर्ज लिहिला, त्यांनी तो या माणसाच्या अक्षरात वाचला. मर्ढेकरांपासून ग्रेसपर्यंतच्या कवींची नावे ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांतल्या कितीजणांना हे नाव ठाऊक होते, हे विचारण्यात अर्थ नाही.

जोशी हाताने अक्षर काढण्याच्या परंपरेत वाढले आणि संगणकाच्या अक्षरापाशी येऊन थांबले. त्या प्रवासाची एक सोपी गोष्ट सांगता येते: आधी कला होती, मग यंत्र आले. आम्हांला ही मांडणी अपुरी वाटते. देवनागरीला यंत्र भेटले ते संगणकाच्या कितीतरी आधी, आणि त्या भेटीचा अनुभव कडवट होता. तो कडवटपणा समजून घेतल्याशिवाय जोशींनी काय केले ते कळत नाही. त्यासाठी एका साध्या चिन्हाकडे पाहावे, ऱ्हस्व वेलांटीकडे.

'कि' हे अक्षर घ्या. उच्चारात आधी क् येतो, मग इ. लिहिताना मात्र वेलांटी आधी, क नंतर. शाळेत बाराखडी घोटणाऱ्या मुलाला याचे काही वाटत नाही. हाताला सवय होते आणि विषय संपतो. शिळाप्रेसलाही अडचण नव्हती. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले ते शिळेवर. तेथे लेखकाचे हस्ताक्षरच कागदावर उतरे, वेलांटीसकट. खिळ्यांचा छापखाना आला आणि प्रश्न सुरू झाले. रोमन लिपीला मोठी-लहान अक्षरे, अंक व चिन्हे मिळून शंभराच्या आसपास खिळे पुरतात. देवनागरीला काना, मात्रा, उकार, रफार, जोडाक्षरे धरून ते कित्येक शेंवर जातात. अक्षराचे तीन मजले: वर मात्रा-अनुस्वार, मध्ये वर्ण, खाली उकार. हे मजले वेगवेगळे ओतून जुळवायचे की अक्षर अखंड ओतायचे, यावरून छापखानेवाल्यांत पंथ पडले. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचा लौकिक झाला तो राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या साच्यांमुळे. ते अक्षर इतके डौलदार होते की पुढची दोन-तीन पिढ्या 'छापील देवनागरी' म्हटले की तेच डोळ्यांसमोर येई. पण त्या डौलाची किंमत जुळाऱ्याला मोजावी लागे. त्याच्यासमोर पसरलेल्या केसांमध्ये हात किती दूर आणि किती वेळा जात असेल याचा विचार केला, तर लिपीसुधारणेची चळवळ का उभी राहिली ते कळते.

ही चळवळ करणारी माणसे लिपीद्वेष्टी नव्हती. टिळकांनी 'केसरी'च्या छपाईच्या सोयीसाठी खिळ्यांची संख्या घटविण्याचा उद्योग आरंभला होता. सावरकरांनी इ, ई, उ, ऊ यांना रजा देऊन अ-चीच बाराखडी सुचविली. १९३०च्या दशकात हरी गोविंद गोविल यांनी न्यूयॉर्कमध्ये लायनोटाइप यंत्रासाठी देवनागरी बसविली, तीही अक्षरांची संख्या कमी करूनच. आणि १९५३ मध्ये लखनौला भरलेल्या परिषदेने तर वेलांटीलाच हात घातला: ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या उजवीकडे द्यावी, दीर्घ वेलांटीहून तिची काठी आखूड ठेवावी, म्हणजे उच्चाराचा क्रम आणि जुळणीचा क्रम एक होईल. तर्क निर्दोष होता. लोकांच्या डोळ्यांनी तो मानला नाही आणि काही वर्षांतच ती सुधारणा मागे घ्यावी लागली. या सगळ्या प्रयत्नांत एक गृहीत समान आहे, ते म्हणजे यंत्र बदलणार नाही, लिपीने बदलले पाहिजे.

र. कृ. जोशी यांचा जन्म १९३६चा. सर जे. जे. कलाशाळेत उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते जाहिरातीच्या व्यवसायात शिरले, आणि पुढे बाळ मुंडकुर यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेल्या उल्का या संस्थेत कलादिग्दर्शक म्हणून दोन दशके राहिले. या काळाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण अक्षराच्या दृष्टीने तो विलक्षण होता. इंग्रजी जाहिरातीसाठी शेकडो टंकांची पुस्तके टेबलावर असत. हवा तो टंक निवडायचा, मजकूर जुळवून आणायचा, चिकटवायचा. तीच जाहिरात मराठीत किंवा गुजरातीत करायची म्हटली की हाताशी दोन-चार टंक. मग मथळा हाताने काढण्यावाचून गत्यंतर नसे. म्हणजे टंकांच्या दारिद्र्यातून हस्ताक्षरांची श्रीमंती निर्माण झाली! मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षके आठवावीत. नाटकाचे नाव वाचण्याआधी त्याचा स्वभाव कळावा, अशी ती अक्षरे होती आणि त्यांतले प्रत्येक अक्षर त्याच एका नावासाठी काढलेले होते. शेडगे (१९३५–२०२०) जोशींचे अगदी समवयस्क. दोघांचे हात एकाच हवेत तयार झाले, पण शेडगे यांनी अखेरपर्यंत एकेका शब्दाचे चित्र काढले. जोशी मात्र कोणत्याही शब्दाला पुरेल अशा अक्षराच्या मागे गेले.

याचा अर्थ जोशींना चित्राचे वावडे होते असा नव्हे. ते कवी होते. शब्द पानावर कसा मांडला जातो हाच ज्या कवितेचा आशय, ती दृश्यकविता त्यांनी केली. सुलेखन त्यांच्या लेखी बंद खोलीतले कसब नव्हते. मोठ्या कुंचल्याने, लोकांसमोर, अंगाच्या हालचालीसह अक्षर काढण्याची प्रात्यक्षिके ते करीत. येथे बोरूविषयी एक तपशील सांगण्यासारखा आहे. देवनागरीसाठी बोरूचे टोक तिरपे कापतात, आणि तो काप रोमन लेखणीच्या कापाच्या उलट दिशेचा असतो. त्यामुळे रोमन अक्षरात जेथे रेघ बारीक होते तेथे आपली जाड होते. ही गोष्ट हाताला माहीत असते. ती न शिकता रोमन टंक समोर ठेवून देवनागरी काढणाऱ्याचे अक्षर कोठेतरी चुकल्यासारखे दिसते, आणि का चुकले ते त्याला सांगता येत नाही. गेल्या शतकात परदेशी यंत्रांसाठी झालेल्या देवनागरी टंकांपैकी काहींत हा परकेपणा सहज ओळखू येतो.

१९८३ मध्ये जोशी जाहिरातक्षेत्र सोडून पवईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवू लागले आणि १९९६ पर्यंत तेथे होते. पंचेचाळिशीच्या पुढे, हातात उत्तम चाललेला व्यवसाय असताना माणूस वर्गात का जातो? उत्तर त्या दशकात सापडते. पुण्यात ल. श्री. वाकणकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या मुद्रणसंशोधनाच्या कामातून 'कॅल्टिस' ही भारतीय लिप्यांच्या सुलेखनावरची आणि टंकावरची चर्चासत्रे भरू लागली होती. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा तीन खंडांचा ग्रंथ १९७१ मध्येच येऊन गेला होता. कानपूरच्या आय. आय. टी.त भारतीय लिप्यांचा संगणक आकार घेत होता. तेच काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' या नावाने आले. मुंबईचे पीयूष घोष स्टॅनफर्डला जाऊन डोनाल्ड नुथ यांच्या 'मेटाफाँट' पद्धतीने भारतीय अक्षरे गणिताच्या भाषेत मांडता येतात का ते पाहून आले होते. मेटाफाँटची कल्पना सुलेखनकाराला जवळची वाटावी अशीच आहे. अक्षराची बाह्यरेषा न देता लेखणीचा मार्ग आणि टोकाचा काप द्यायचा, रेघ संगणकाने ओढायची. बोरूच जणू सूत्रात बांधलेला!

हाताने अक्षर काढणाऱ्या माणसाला या सगळ्यात संधी दिसणे स्वाभाविक होते. खिळा धातूचा असतो, त्याला शेजारी कोण येणार हे ठाऊक नसते. संगणकातले अक्षर मात्र शेजाऱ्याकडे पाहून आपले रूप बदलू शकते. क-पुढे हलन्त आणि मग ष आला तर क्ष व्हायचे, त आणि र आले तर त्र. हे नियम एकदा नीट लिहून दिले की ते पाळण्याचा यंत्राला कंटाळा येत नाही. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राबरोबर जोशींनी 'विन्यास' या टंकनिर्मितीच्या संगणकीय साधनावर काम केले, आणि १९९६ नंतर ते त्याच संस्थेशी जोडले गेले. (ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली.) सर्व भारतीय भाषांना वापरता येईल अशी 'देशनागरी' ही लिपीही त्यांनी आखली. ती रुजली नाही. आमच्या मते रुजणारही नव्हती, कारण लिपी सोयीवर जगत नाही हे १९५३च्या वेलांटीने दाखवून दिलेच होते. आश्चर्य इतकेच, की जोडाक्षरांचा इतका अभिमान बाळगणाऱ्या माणसाला एक लिपीचा मोह पडावा.

१९९०च्या दशकात संगणकावर मराठी नव्हतीच असे नाही. भरपूर होती, आणि तोच प्रश्न होता. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅकचे सुरेख आणि योगेश, प्रत्येकाचा सांकेतिक नकाशा वेगळा. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसविलेले असत. एका दुकानात जुळवलेली लग्नपत्रिका दुसऱ्या दुकानातल्या संगणकावर उघडली की वधू-वरांच्या नावांऐवजी कंस, टक्केवारीच्या खुणा आणि उद्गारचिन्हे दिसत. तालुक्याच्या गावी डीटीपीचे दुकान चालविणाऱ्या प्रत्येकाने हा ताप सोसला आहे. आणि वेलांटी? ती या टंकांत खिळ्यासारखीच आधी टंकावी लागे. पडद्यावर 'कि' बरोबर दिसे, पण यंत्राच्या पोटात तो 'ि' आणि 'क' असे दोन सुटे तुकडे असत. मजकुराचा अकारविल्हे लावणे, शब्द शोधणे, यादी करणे काहीच जमत नसे. चित्र मराठी, मजकूर निरर्थक. नावांच्या याद्यांवर ज्यांचे व्यवहार अवलंबून, त्या सरकारी दप्तरांसाठी असे अक्षर कुचकामी होते.

भारतीय प्रमाण 'इस्की'च्या पायावर १९९१ मध्ये युनिकोडने देवनागरीला जागा दिली. तेथे क्रम उच्चाराचा ठेवला: आधी क, मग वेलांटी. लखनौच्या परिषदेला जे हवे होते ते यंत्राच्या पोटात झाले. फरक असा, की पडद्यावर वेलांटी आपल्या जुन्या जागी, डावीकडे, दिसते. साठवण उच्चाराची आणि दर्शन लेखणीचे. मधले भाषांतर सॉफ्टवेअर आणि टंक मिळून करतात: वेलांटी उचलून पुढे न्यायची, र् पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा, अर्धी अक्षरे बदलायची, अनुस्वार मात्रेला धडकणार नाही असा सरकवायचा. हे नियम टंकाच्या आत कोष्टकांच्या रूपाने असतात. ती कोष्टके भरण्यासाठी प्रोग्रामर लागतो, आणि त्याच्या शेजारी असा एक माणूस लागतो ज्याने हजारो वेळा 'र्त्स्न्य' हाताने लिहिले आहे आणि ज्याला त्यातला कोणता अवयव कोठे दबला पाहिजे ते ठाऊक आहे. भारतीय लिप्यांच्या जोडणीची संगणकीय रचना कशी असावी, यावर जोशींचे नाव एस. पी. मुदूर व त्यांच्या सहकाऱ्यांसह १९९९च्या एका शोधनिबंधावर आहे. त्यानंतर लगेचच मंगल आला. मायक्रोसॉफ्टसाठी तमिळ, गुजराती, तेलुगू, कन्नड आदी लिप्यांचे टंक तयार करण्यातही जोशींचा हात होता.

मंगल सुंदर आहे का? सुलेखनाच्या रसिकांनी त्याला फारसे प्रेम दिले नाही. रेघेतला जाड-बारीक भेद माफक, वळणे सरळसोट, आणि दोन ओळींतले अंतर इतके की अर्धे पान कोरे वाटावे. निर्णयसागरच्या डौलापुढे तो कारकुनी दिसतो. हा आक्षेप आम्ही खोटा ठरवीत नाही, पण तो टंक कशासाठी काढला होता ते पाहावे. तेव्हाच्या पडद्यावर मजकुराच्या एका ओळीला जेमतेम पंधरा-वीस ठिपक्यांची उंची मिळे. त्यातच रफार, मात्रा, अनुस्वार, मग शिरोरेखा, मग अक्षर, मग उकार आणि खालचा र. बोरूच्या जाड-बारीक रेघेला तेथे जागाच नव्हती. बारीक रेघ नाहीशी झाली असती आणि जाड रेघ शेजाऱ्यात मिसळली असती. मोकळ्या ओळी म्हणजे तिन्ही मजल्यांना दिलेली हक्काची जागा. मोठ्या कुंचल्याने अंगभर अक्षर काढणाऱ्या माणसाने इतक्या अरुंद जागेत इतके साधे अक्षर बसवावे, यात आम्हांला त्याच्या हाताची कसोटी दिसते. त्यात त्याने स्वतःचा ठसा जवळजवळ शिल्लक ठेवला नाही.

एक तक्रार मात्र राहते, आणि ती मराठी वाचकाने करायलाच हवी. मंगलमधले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत. आमच्या पिढीने कित्त्यात गिरवलेला, वाटोळ्या दोन पाकळ्यांचा ल आणि गाठीचा श त्यात नाहीत. वर्षानुवर्षे मराठी मुलांनी संगणकावर आपली भाषा पाहिली ती दुसऱ्याच्या ल-श मध्ये, तीही एका मराठी माणसाच्या हातून! युनिकोडमध्ये मराठी-हिंदीच्या ल-ला संकेत एकच, मंगल अखिल भारतीय देवनागरीचा टंक, आणि प्रमाण हिंदी वर्णमालेत ल-श यांची ती रूपे ठरलेली. टंक एकच द्यायचा तर कोणाचे तरी वळण मागे पडणार होते. यातली गंमत अशी की याच प्रमाण हिंदीने अ, झ, ण या अक्षरांची उत्तरेकडची जुनी रूपे सोडून मुंबई वळणाची, म्हणजे आपली, रूपे स्वीकारलेली आहेत. देवघेव झाली. पण आपण काय दिले ते हिंदी वाचक विसरला आणि काय गेले ते मराठी वाचकाला रोज पडद्यावर दिसत राहिले.

दुसरा प्रश्न डोळ्यांतल्या कुसळासारखा, छोटा पण टोचणारा. 'शेतकऱ्यांचे' या शब्दातला ऱ्या. 'आचार्य'मधला र् डोक्यावर जातो, 'शेतकऱ्या'तला जात नाही, आणि उच्चारही वेगळा. मराठीला हा भेद लागतोच. (या लेखाच्या नायिकेचे नाव घ्यायलाही तो लागतो: ऱ्हस्व.) युनिकोडमध्ये त्याची सोय झाली ती ऱ या अक्षराच्या आडून, जे मुळात द्राविडी भाषांतला एक ध्वनी दाखविण्यासाठी ठेवले होते. कळफलकावर ते कोठे आहे हे माहीत नसलेला माणूस साधा र दाबणार. परिणामी जमीन ज्याची, त्याचाच उल्लेख कितीतरी कागदांवर 'शेतकर्यांचे' असा रफारासह होत राहिला. 'बँक' आणि 'ॲप' लिहू पाहणाऱ्यांची गोष्ट अशीच. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत मिळाला तो एप्रिल २००८ च्या आवृत्तीत. जोशींचे निधन त्याआधी दोन महिने, फेब्रुवारी २००८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला झाले. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला निश्चित करणारा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला. त्यात ॲ आणि ऑ होते, आणि मराठी वळणाचे ल-श ही होते.

पुढची हकिकत थोडक्यात. विंडोज ८ पासून (२०१२) मंगलची जागा दुसऱ्या टंकाने घेतली. मजकूर मराठी आहे असे सांगितले तर आपोआप मराठी ल-श काढणारे टंक आले. त्यांतले काही, उदाहरणार्थ 'मुक्त', मुंबईतच आणि जोशींनी जेथे शिकवले त्या केंद्रातून पुढे आलेल्या तरुणांच्या हातून घडले, आणि ते कोणालाही फुकट वापरता येतात.

बिडकीनसारख्या गावच्या बाजारपेठेत मात्र यातून काय आले? दुकानाच्या शटरवर, एस. टी.च्या थांब्यावर, पतसंस्थेच्या भिंतीवर कुंचल्याने अक्षरे रंगविणारा पेंटर हा गावाचा सुलेखनकार होता. आधी खडूने दोन समांतर रेघा, मग अक्षरांचा अंदाज, मग तेलरंग. शेवटचे अक्षर जागेत मावत नसेल तर वेलांटीला जरा आखूड करण्याची मुभा त्याच्या हाताला होती. लखनौच्या परिषदेने जे ठरावाने केले ते तो नजरेने करी आणि कोणाची तक्रार नसे. फ्लेक्स आला आणि ही विद्या वेगाने ओसरली. वाढदिवसाच्या फलकावरची अक्षरे आता संगणकावरून येतात, ताणून रुंद केलेली किंवा दाबून उंच केलेली, कारण टंक ताणण्यासाठी माउस पुरतो. जोशींच्या पिढीने यंत्राला लिपी शिकविली, पण ज्याच्या हातात लिपी होती त्या पेंटरला त्या यंत्रावर बसविणारी सोय कोणी केली नाही. टंक फुकट मिळतो. तो कधी, कोठे आणि किती मोठा वापरावा हे जाणणारा डोळा फुकट मिळत नाही, आणि तो डोळा पेंटरकडे होता.

मोडीचे काम तर अजून सुरूच व्हायचे आहे असे म्हणावे लागेल. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला संकेत मिळाले. पण मोडी ही हात न उचलता लिहायची लिपी. अक्षर शेजाऱ्याला कसे जोडले जाते, काना कोठून वर जातो, घाईत कोणता अवयव गळतो, हे तिचे व्याकरण. संकेतांच्या तक्त्यात ते मावत नाही. मंगलसाठी जी कोष्टके भरली तशी मोडीसाठी भरायची तर मोडी लिहिलेले हात हवेत, आणि शाळेतून मोडी जाऊन सत्तरेक वर्षे होत आली. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मराठवाड्यातल्या जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले, तेव्हा अडचण कागद नसण्याची नव्हती. कागद तहसिलांत आणि अभिलेखागारांत होते, पाने संगणकावर चढविताही येत होती. ती मोडीत आणि उर्दूत होती, आणि वाचण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जाणकार धुंडावे लागले.